कोंबडीच्या भ्रूणाच्या प्रयोगांसाठी थर्मोकोलचं इनक्युबेटर: वापरून पाहिल्यावर

कोल्हापुरात बीएस्सी-एमएस्सीच्या प्राणिशास्त्र प्रयोगांना परवडणारं हे अंडी उबवायचं, आत पंखा असलेलं छोटं यंत्र. घ्यावं, पण तापमानाच्या डिजिटल आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सेन्सर झाकणाजवळ आहे. अंड्यांच्या उंचीला वेगळा थर्मामीटर ठेवा आणि तिथे ३७.५ अंश येईपर्यंत सेटिंग हलवा. हा फरक फार महत्त्वाचा: ३९ च्या वर भ्रूण बिघडतात, ३६ ला वाढ रेंगाळते आणि ठरलेल्या तासांना हवी ती अवस्था मिळतच नाही.

पाण्याचा ट्रे उथळ आहे. उन्हाळ्यात रोज भरावा लागतो, पावसाळ्यात अर्धा पुरतो. वीज गेली की उबदारपणा फार टिकत नाही, तेव्हा इन्व्हर्टर हवाच.

अंडी दुकानातली चालत नाहीत, ती बहुधा अफलित असतात. कोंबडा असलेल्या कळपातली किंवा हॅचरीची, आठवड्याच्या आतली घ्या. ती आडवी ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा, भ्रूण तिथेच तरंगून येतो. १८ तासांनी प्रिमिटिव्ह स्ट्रीक (भ्रूणाचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ), ३३ तासांच्या आसपास सोमाइट (पाठीच्या दोन्ही बाजूंचे ऊतींचे ठोकळे) आणि हृदयाची नळी दिसते. हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या, कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीचे टप्पे दाखवणाऱ्या तक्त्याशी ताडून पाहा.

भ्रूण बाहेर काढताना कोमट ०.९ टक्के मिठाचं द्रावण वापरा. फिल्टर पेपरचं कडं भ्रूणाभोवती, बलकावरच्या पातळ पडद्यावर नीट चिकटल्यावरच बाहेरून कापा. घाई केली की पिवळा बलक फुटून सगळं गढूळ होतं.