शीतपेटीच्या पिकअपवर ‘हाय आयडल’ स्विच : वापरानंतरचा अभिप्राय

चोर्ला घाटातून गोव्याकडे भाजी, दूध आणि पनीर नेणाऱ्या लहान पिकअपवर जी शीतपेटी बसवलेली असते, तिचा कंप्रेसर बहुधा गाडीच्याच इंजिनावर बेल्टने चालतो. त्यामुळे गाडी उभी राहून इंजिन सातशे-आठशे आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आले की पेटीतला गारवाही उतरू लागतो. गोव्यातील साखळी गावी दुकानासमोर माल उतरवताना पेटीचे दार सारखे उघडत असते आणि नेमकी तेव्हाच थंडाव्याची गरज सर्वाधिक असते. याच कारणासाठी आम्ही बेळगावच्या उद्यमबागेतील एका गॅरेजमधून आमच्या पिकअपला ‘हाय आयडल’चा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा रिकामा वेग (आयडल) वाढवून धरणारा, स्विच बसवून घेतला. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू तो वापरला आहे.

स्विच दाबताच इंजिन बाराशेच्या आसपास स्थिर होते, कंप्रेसर जोर धरतो आणि अल्टरनेटरही अधिक वीज देतो, त्यामुळे पंखे व दिवे चालू असूनही बॅटरी उतरत नाही. ज्या कामासाठी घेतला, ते काम हा स्विच चोख करतो.

जुन्या गाड्यांत हेच काम डॅशबोर्डाखालची एक घुंडी ओढून होत असे, कारण तिची तार थेट इंजिनाच्या डिझेल पंपाला जोडलेली असे. आताच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पेडल केवळ विजेचा संकेत पाठवते आणि किती डिझेल सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, ठरवतो. अमेरिकेतील फोर्ड सुपर ड्यूटी किंवा रॅम यांसारख्या डिझेल पिकअपमध्ये ही सोय कंपनीच्याच ईसीयूत असते. रॅममध्ये तर क्रूझ कंट्रोलच्या बटणांनी उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग सुमारे ११०० ते १५०० आरपीएमपर्यंत नेता येतो. आमच्याकडे बसवलेले यंत्र बाहेरचे आहे आणि ते पेडलच्या संकेताची नक्कल करते. असे यंत्र घेण्यापूर्वी वॉरंटीचे काय होईल, हे शोरूममध्ये लेखी विचारून घ्यावे.

वाढवलेला वेग आपोआप केव्हा सुटतो, यावर अशा यंत्राची खरी पारख करावी. ब्रेकवर पाय पडला किंवा हँडब्रेक सोडला की इंजिन तत्काळ मूळ वेगावर आले पाहिजे, आणि आमचे येते. हाताने गियर टाकायच्या गाडीत मात्र क्लचच्या स्विचचीही जोडणी हवी. अन्यथा गियर पडताच गाडी झेप घेऊ शकते. गॅरेजने ती तार पहिल्या खेपेस जोडली नव्हती आणि आग्रह धरल्यावरच जोडून दिली. काम उत्तम असूनही या एका गोष्टीमुळे मी त्यांना पूर्ण गुण देणार नाही.

डिसेंबरच्या पहाटे स्टँडवर इंजिन तापवण्यासाठी हा स्विच लावणारे चालक पाहिले आहेत. ही सवय अनाठायी आहे. रिकामे चालणारे डिझेल इंजिन हवा भरपूर घेते आणि इंधन थोडे जाळते, त्यामुळे ते सावकाशच तापते. उणे तापमानाच्या देशांत हाय आयडलचा त्यासाठी उपयोग होतो, परंतु बेळगावच्या थंडीत थोडा वेळ थांबून हलक्या पायाने गाडी काढली, तर इंजिन अधिक लवकर तापते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला आहे. उभ्या गाडीत धूर पुरेसा गरम होत नाही आणि त्या फिल्टरमध्ये काजळी साठत जाते. वेग वाढवल्याने हा त्रास थोडा कमी होतो, पण जांबोटी-कणकुंबीच्या चढावर भरलेली गाडी चालवल्याने जी उष्णता मिळते, ती उभ्याने मिळत नाही. चढ संपवून गाडी थांबवल्यावर तापलेला टर्बो निवण्यासाठी मिनिटभर इंजिन चालू ठेवायचे, तेही साध्या आयडलवरच.

साध्या आयडलवरही असे इंजिन ताशी साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते आणि हाय आयडलवर त्याहून अधिक. माल उतरवण्यापुरता हा खर्च परवडतो. पेटी रात्रभर भरलेली ठेवायची असेल, तर घरच्या वीजजोडणीवर चालणारा स्टँडबाय कंप्रेसर असलेलीच शीतपेटी घ्यावी.