जपानला जाताना: पॉकेट वाय-फाय, रोमिंग पॅक की ई-सिम?

जपानच्या दोन सहली झाल्यापासून ओळखीतलं कोणी तिकडे निघालं की इंटरनेटचं विचारायला मला फोन येतो. पहिल्या सहलीत आम्ही चौघांनी मिळून एक पॉकेट वाय-फाय, म्हणजे आसपासच्या फोनना इंटरनेट देणारी खिशात मावणारी डबी, भाड्याने घेतलं होतं. दुसऱ्या वेळी मी, बायको आणि आई यांच्या फोनमध्ये ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम) होतं, तर बाबांच्या नंबरवर आपल्याकडचाच रोमिंग पॅक. म्हणजे तिन्ही वापरून झालंय. विमानतळावर मिळणाऱ्या साध्या सिमच्या वाटेला मी गेलो नाही. पर्यटकांना मिळणारी तिथली सिम बहुतेक फक्त डेटाची असतात, आणि फोनला दुसरा खण नसेल तर आपलं सिम काढून ठेवावं लागतं. मग बँकेचा ओटीपी येणार कुठे?

पॉकेट वाय-फायला नावं ठेवायला मन धजत नाही, कारण व्यवहार अगदी सोपा होता. नारिताच्या काउंटरवरून डबी घेतली, परत जाताना त्यांनीच दिलेल्या पाकिटात घालून विमानतळावरच्या टपालपेटीत टाकली. चौघांत मिळून एकच भाडं. जुना फोन असो की नवा, सगळे जोडले जातात. संध्याकाळ व्हायच्या आत डबीची बॅटरी उतरायची, पण पॉवर बँक जवळ असल्यावर त्याचं फारसं वाटत नाही.

माझं मन उडालं ते शिंजुकू स्टेशनात. हाकोनेहून आम्ही ओदाक्यू या रेल्वे कंपनीच्या गाडीने संध्याकाळी परतलो. या स्टेशनला दोनशेच्या वर दरवाजे आहेत आणि ती घरी परतणाऱ्यांच्या गर्दीची वेळ होती. बाबा स्वच्छतागृहात जाऊन येतो म्हणाले. आम्ही भिंतीला लागून उभे होतो, पण लोंढा इतका होता की सरकत सरकत पुढच्या वळणापर्यंत गेलो. डबी माझ्या पाठीवरच्या पिशवीत. मी बाबांना व्हॉट्सॲप केलं, एकच टिक. पुन्हा केलं, पुन्हा एकच टिक. त्यांच्या नंबरवर रोमिंग सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे साधा फोनही लागेना. माझ्या हातात नकाशा होता, भाषांतर होतं, सगळं जग होतं, आणि ज्यांना त्याची गरज होती ते डबीपासून शंभर पावलांवर इंटरनेटशिवाय उभे होते.

चाळीस मिनिटं गेली. बाबा जिथे चुकले तिथेच, तिकिटाच्या फाटकाजवळ, रेल्वेच्या कर्मचाऱ्याशेजारी थांबले होते. लहानपणी जत्रेत मला त्यांनीच शिकवलेलं, हरवलास तर जागा सोडू नकोस. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवलेही नाहीत. त्यानंतर उरलेले सगळे दिवस आम्ही चौघं त्या डबीभोवती फिरलो. आईला दुकानात रेंगाळायचं असलं तरी मी तिथे उभा, बायकोला बाग बघायची असली तरी आई-बाबा तिच्यामागे.

तुम्ही दोघंच असाल आणि दिवसभर सोबतच राहणार असाल, तर ही अडचण तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. दोन-तीन लॅपटॉप घेऊन कामाला जाणाऱ्यांना तर डबी सोयीचीच पडेल. वडीलधारी माणसं किंवा मुलं बरोबर असतील, तर मात्र प्रत्येकाच्या हातात आपापलं इंटरनेट असावं, असं माझं मत झालं.

ते दोन मार्गांनी मिळतं.

रोमिंग पॅकचा मोठा गुण म्हणजे काही शिकावं लागत नाही. निघण्याआधी ॲपमधून पॅक घेतला की आपलाच नंबर तिथे चालतो, फोन येतात, जातात. बाबांच्या फोनवर *#06# दाबून पाहिलं तर फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, दिसला, पण ई-सिमसाठी लागणारा ईआयडी नावाचा लांबलचक आकडा नव्हता. तो नसला की ई-सिमचा विषयच संपतो. म्हणून त्यांना पॅक घेतला आणि तो दहा दिवस बिनतक्रार चालला. खर्चाचं म्हणाल तर आम्ही पाहिलेल्या पर्यायांत तेवढ्याच दिवसांचं ई-सिम बरंच स्वस्त होतं, आणि चौघांचे चार पॅक घ्यायचे तर आकडा डोळ्यात भरतो. डेटा संपल्यावर काय दर लागतो, तेही पॅक घेण्याआधी वाचून ठेवा.

ई-सिम पहिल्यांदा घेताना मला धाकधूक होती. ते घरच्या वाय-फायवरच, निघण्याच्या आदल्या दिवशी घालून ठेवावं. तिथे पोचल्यावर इंटरनेट नाही म्हणून ई-सिम डाउनलोड करता येत नाही आणि ई-सिम नाही म्हणून इंटरनेट नाही, असा पेच नको. ई-सिम घालण्यासाठी विक्रेता देतो तो क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो, त्यामुळे फोनमध्ये घातलेलं ई-सिम चुकून पुसू नका. मुदत कधीपासून मोजतात, फोनमध्ये घातल्यापासून की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, तेही विक्रेत्याच्या पानावर वाचा. विक्रेता निवडताना आणखी एक लक्षात असू द्या. जानेवारी 2024 मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने एअरालो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढायला लावली होती. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाने सुचवलेलं ॲप इथे मिळेलच असं नाही. खरेदी शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

बहुतेक जण अडतात ते सेटिंगमध्ये. बिलाच्या भीतीने आपण ‘डेटा रोमिंग’ बंद करून टाकतो आणि मग ई-सिम चालत नाही म्हणून हवालदिल होतो. प्रवासी ई-सिम बऱ्याचदा दुसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि जपानमध्ये ते स्वतःच रोमिंगवर असतं. म्हणून ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आणि आपल्या भारतीय सिमचं बंद, असं ठेवायचं. आयफोनमध्ये एका सिमची रेंज गेली की दुसऱ्याचा डेटा वापरू देणारी एक सोय असते, तीही बंद करा. भारतीय सिम मात्र चालूच राहू द्या. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची परवानगी सुरू केलेली असेल, तर एसएमएस येत राहतात आणि येणाऱ्या एसएमएसचे पैसे सहसा पडत नाहीत. बायकोने ताकायामाच्या हॉटेलातून घरचं वीजबिल भरलं, ओटीपी तिच्या नेहमीच्या नंबरवर आला.

उणिवाही आहेत. आमच्या ई-सिमचा डेटा हाँगकाँगमार्गे जात होता, त्यामुळे हॉटेलांचे दर हाँगकाँग डॉलरमध्ये दिसायचे आणि पान उघडायला क्षणभर जास्त लागायचा. जपानी फोन नंबर मिळत नाही, त्यामुळे नंबर मागणाऱ्या उपाहारगृहांत आरक्षणासाठी हॉटेलवाल्यांना विनंती करावी लागली. आणि फोनच बिघडला तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो तितकं ते सोपं नाही. डेटा मला पुरून उरला. नकाशे, भाषांतर आणि रोजचे थोडे व्हिडिओ कॉल धरून दहा दिवसांत सात जीबीसुद्धा लागले नाहीत, म्हणून अमर्याद डेटाच्या मागे लागण्याची गरज मला वाटली नाही.

तरीही पारडं झुकलं ते आईमुळे. ती शाकाहारी आहे, आणि जपानमध्ये वरून निव्वळ भाजीचा दिसणारा पदार्थही माशाच्या दाशीत, म्हणजे तिथल्या रश्शात, शिजवलेला असू शकतो. पहिल्या सहलीत प्रत्येक पाकीट हातात घेऊन ती मला शोधायची. या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात ती एकटी जायची, ओनिगिरीच्या (भाताच्या मुटक्याच्या) वेष्टनावर स्वतःचा फोन धरायची, लेबल वाचायची आणि हवं ते घेऊन यायची. तिसऱ्या दिवसापासून तिने मला विचारणंच सोडलं.

क्योतोला फुशिमी इनारी देवस्थानाच्या पायऱ्या चढताना बाबा अर्ध्यावर बसले. त्यांनी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन सुरू केलं आणि आम्हाला वर पिटाळलं. तोरी म्हणतात त्या लाल कमानींच्या रांगांतून चढताना मी दर थोड्या वेळाने त्यांचा ठिपका बघत होतो.

यंदा बाबांनी नवा फोन घेतला, त्यात ईआयडी आहे. पुढच्या वेळी त्यांनाही ई-सिम घालू या, असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. सोसायटीतल्या मित्रांचा फोन नेहमीच्या नंबरवर यायला हवा आणि आला की उचलता यायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी पुन्हा रोमिंग पॅकच घेणार आहे. आम्हा तिघांचं ई-सिम.