पट्ट्याचा क्लॅम्प, दहा महिन्यांनंतर: सगळा प्रश्न मागच्या कोपऱ्यांचा

जुलैतल्या एका रविवारी कपाटाच्या आठव्या खणाच्या चारही सांध्यांना फेविकॉल लावून झाला होता, सांधे सुकेपर्यंत खण भोवतीने आवळून धरणाऱ्या पट्ट्यात तो बसला होता आणि रॅचेटचा, म्हणजे पट्टा आवळणाऱ्या दातेरी चाकाचा, दांडा शेवटचे दोन दाते पुढे सरकवत असताना चाक उलटे फिरू न देणारी आतली खिट्टी कट्‌कन तुटली. पट्टा सैल पडला आणि सांधे उघडू लागले. पावसाळ्याच्या दमट हवेत फेविकॉल सावकाश सुकतो म्हणूनच मला गॅलरीत जाऊन सायकलची जुनी ट्यूब आणायला, तिचा व्हॉल्व्ह कापून टाकायला आणि ती खणाभोवती ताणून गुंडाळायला वेळ मिळाला. दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडली तेव्हा तो खण आधीच्या सातांपेक्षा चांगला जुळलेला निघाला, आणि हा अनुभव लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

चार मीटर लांबीचा नायलॉनचा पट्टा, रॅचेट आणि प्लास्टिकचे चार कोपरे असा हा नेहमीचा क्लॅम्प मी डिसेंबरात साडेसहाशे रुपयांना घेतला होता. आईच्या शिवणकामाच्या सामानासाठी १२ खणांचे छोटे कपाट करायचे होते. खणांना १२ मिलिमीटर जाडीचे सागवान आणि तळाला खाचेत बसणारा ४ मिलिमीटरचा प्लाय. खिट्टी तुटल्यावर दुकानदाराने बिलावरचा एक वर्षाच्या वॉरंटीचा शिक्का पाहूनही ‘रॅचेट ही झिजणारी वस्तू आहे, तिला वॉरंटी लागू नाही’ असे सांगितले. कंपनीच्या मदत क्रमांकावर तीन वेळा तेच छायाचित्र पाठवल्यावर नवा क्लॅम्प अर्ध्या किमतीत देण्याची तयारी दाखवण्यात आली. मी ती नाकारली. तीन ग्रॅम वजनाच्या खिट्टीसाठी सव्वातीनशे रुपये मागणे मला अन्यायाचे वाटले, आणि आजही वाटते. ओळखीच्या लेथवाल्याने तशीच खिट्टी पोलादी पट्टीतून ६० रुपयांत करून दिली आणि ती आजवर टिकली आहे.

हे लिखाण मी तेव्हाच रागाच्या भरात सुरू केले होते आणि त्याचे पहिले वाक्य ‘हा क्लॅम्प घेऊ नका’ असे होते. ते मी आता मागे घेत आहे, कारण ज्या दोषाकडे मी सात खण होईपर्यंत दुर्लक्ष केले, तो दोष रॅचेटचा नव्हताच. पट्टा आवळला की रॅचेटच्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांतून फेविकॉलचे पांढरे थेंब मण्यांच्या सरीसारखे वरपासून खालपर्यंत बाहेर येत. मागच्या दोन कोपऱ्यांत मात्र दोन-चार थेंब दिसत आणि बाकीचा सांधा कोरडा राही. सुकल्यावर मागच्या सांध्यात वर्तमानपत्राचा कागद अर्धा सेंटिमीटर आत जात असे. मी पटाशीला, रंध्याला, स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो आणि दर वेळी पट्टा आणखी आवळत गेलो. खिट्टी त्या अतिरेकानेच तुटली असावी, हे मान्य केले पाहिजे.

ऑगस्टमध्ये मी एक साधी मोजणी केली. क्लॅम्पचा एक कोपरा टेबलाच्या कडेला घट्ट बसवला, त्यावरून पट्टा वळवून खाली ५ किलोचे वजन टांगले आणि दुसरे टोक प्रवासी बॅगा तोलण्याच्या काट्याने ओढले. वजन हलेपर्यंत काटा ८ किलोवर गेला. याचा अर्थ काटकोनात वळताना घर्षणामुळे ताण आठाचा पाच होतो. रॅचेट एका बाजूच्या मध्यावर असते आणि मागच्या बाजूपर्यंत पोहोचायला पट्ट्याला दोन कोपरे वळावे लागतात, म्हणून पुढे २० किलोचा ताण असेल तर मागच्या बाजूला जेमतेम ८ किलो उरतो. आणखी आवळल्याने हे प्रमाण बदलत नाही. पुढचे कोपरे चेपतात आणि मागचे तसेच उपाशी राहतात. प्लास्टिकच्या कोपऱ्यावर आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला मेणबत्ती घासून पुन्हा मोजले, तेव्हा ८ ऐवजी साडेसहा किलो लागले. म्हणजे पुढच्या २० पैकी मागे सुमारे १२ किलो पोहोचतात, आणि हा फरक फेविकॉलच्या थेंबांतही स्पष्ट दिसला.

ट्यूबने पहिल्याच फटक्यात चांगले काम का केले, हेही मग उलगडले. ट्यूबचा प्रत्येक वेढा आपण त्या त्या बाजूवर हाताने ताणून घालतो, त्यामुळे ताण एका ठिकाणाहून कोपऱ्यांवरून सरकत जाण्याचा प्रश्नच येत नाही. उलट कोपऱ्यावरचे जे घर्षण पट्ट्याला अडवते, तेच इथे ताण जागच्या जागी धरून ठेवते. वेढे वाढवले की दाब वाढतो. शिवाय फेविकॉल बाहेर येऊन सांधा केसभर मिटला तर नायलॉनचा पट्टा तेवढा सैल पडतो, रबर मात्र मागोमाग आकसत राहते. ट्यूबची एकच खोड आहे: ती लाकडावर काळे डाग सोडते. सागवानावर ते रंधा मारून जातात, पण शिवणीसारख्या फिकट लाकडावर मी आधी कागद गुंडाळतो. पंक्चरवाल्याने फाटक्या तीन ट्यूब १० रुपयांना दिल्या आणि त्यांच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून मी वर्षभराची सोय केली आहे.

लाकूड घ्यायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो असताना एका वयस्कर मिस्त्रींना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, ‘‘साहेब, सुतळीचे चार वेढे सैलच मारा आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध पाचर ठोका. पट्टा काय कोपराच दाबतो, मधल्या फळीला कोण दाबणार?’’ हे अगदी खरे आहे. सरळ बाजूवरून जाणारा ताठ पट्टा त्या बाजूवर दाब टाकतच नाही; सगळा दाब जिथे तो वळतो तिथेच पडतो. फळी बाहेर फुगलेली असेल, तर पाचर तिला आत ढकलते आणि सुतळीही ताणते. आता मी पट्ट्याखाली प्रत्येक बाजूच्या मधोमध बोटभर जाडीचा ठोकळा ठेवतो, आणि ही सुधारणा मेणापेक्षाही मोठी ठरली.

डोव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांच्या, सांध्यांच्या खणांना एक अडचण उरते. सांध्याचे दात बाहेर किंचित पुढे ठेवलेले असतील तर प्लास्टिकचा कोपरा त्या टोकांवरच टेकतो आणि सांधा पूर्ण बसत नाही. त्यासाठी मी सागाच्याच तुकड्यांचे चार कोपरे केले, दातांच्या जागी ते कोरले आणि आतून पॅकिंगची चिकटपट्टी लावली, कारण तिला फेविकॉल धरत नाही. पट्टा खण काटकोनात आणत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आवळल्यानंतर आतून दोन्ही कर्ण मोजावेत आणि जो लांब भरेल त्याच्या दिशेने एक हलका एफ (F) आकाराचा क्लॅम्प लावून दोन्ही सारखे करावेत. काटकोन तपासायचा गुण्या नुसता एका कोपऱ्याला लावून माझी दोनदा फसगत झाली आहे. तळाचा प्लाय नेमका काटकोनात कापलेला असेल, तर तो आधीच खाचेत बसवल्याने अर्धे काम होते.

४५ अंशांत कापलेल्या कोपऱ्यांच्या छोट्या डब्यांसाठी मी पट्टा वापरणे बंद केले आहे. चारही फळ्या बाहेरची बाजू वर करून टोकाला टोक लावून मांडायच्या, सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावायची, सगळे उलटे करून फेविकॉल लावायचा आणि डबी दुमडून घ्यायची. फळ्यांची टोके फेविकॉल शोषून घेतात, म्हणून तिथे आधी पातळ हात देऊन थोड्या वेळाने दुसरा हात देतो.

नववा, दहावा आणि अकरावा खण मेण लावलेल्या पट्ट्यात, सागाच्या कोपऱ्यांसह आणि मधल्या ठोकळ्यांसह जुळवला. तिघांच्याही मागच्या सांध्यात कागद जात नाही. बारावा काल रात्री आवळून ठेवला आहे. त्याच्या दोन कर्णांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर थेंबांची सर वरपासून खालपर्यंत अखंड आहे.