शिडाच्या बोटीसाठी दोर: पॉलिएस्टर, नायलॉन की डायनिमा?

शिडाच्या बोटीसाठी दोर घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी ताकद विचारतो: किती किलोला तुटतो? वीस-पंचवीस फुटी बोटीच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला आहे. ८ मिलिमीटरचा चांगला विणीचा पॉलिएस्टर दोर दीड टनाच्या आसपास भार घेतो. एवढ्या बोटीचं शीड त्याच्या जवळपासही जात नाही. विचारायला हवं ते हे, की ताण आल्यावर दोर किती लांबतो, आणि जिथे तो लावायचा आहे तिथे लांबणं हवं आहे की नको.

आधी नावं. शीड वर चढवतो तो हॅलयार्ड. शीड वाऱ्याला आवळते किंवा सैल सोडते ती शीट. मराठी कानाला शीड आणि शीट सारखेच वाटतात आणि नवख्यांचा घोळ होतो. शीट म्हणजे कापड नव्हे, दोर. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे श्राउड आणि पुढून-मागून धरणारे स्टे हे स्थिर दोर. ते बहुधा स्टेनलेस तारेचे असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

हॅलयार्डला लांबणं अजिबात नको. डोलकाठी ९ मीटरची असेल तर शिडाच्या टोकापासून वरच्या कप्पीवरून खाली क्लीटपर्यंत (दोर अडकवायच्या खुंटीपर्यंत) साधारण १० मीटर दोर ताणाखाली असतो. पॉलिएस्टर नेहमीच्या भाराला दीड-दोन टक्के लांबला, तरी १५-२० सेंटिमीटर गेले. नायलॉन याच्या कितीतरी पट लांबतो. मग वाऱ्याचा झोत आला, की नेमकं शीड सपाट हवं तेव्हाच त्याची पुढची कड सैल पडते, पोट मागे सरकतं, बोट जास्त कलते आणि वाऱ्याकडे चढेनाशी होते. म्हणून हॅलयार्डला नायलॉन कधीच नाही.

डायनिमा हा पॉलिइथिलीनचा अतिशय मजबूत धागा; लांबण्यात पॉलिएस्टरच्या निम्म्याहून कमी, पण महाग. शिडं साध्या डेक्रॉनची, म्हणजे विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची असतील तर पॉलिएस्टर पुरे. कापडच ताणत असेल तर दोरावर पैसे ओतून काय मिळणार? शर्यतीची लॅमिनेट (थर चिकटवून केलेली, कमी ताणणारी) शिडं असतील तर मात्र डायनिमा घ्यावा, तोही पॉलिएस्टरच्या आवरणाचा. नुसता डायनिमा इतका गुळगुळीत असतो, की क्लीटमध्ये सरकतो आणि त्यातली बोलाइन गाठही (न आवळणाऱ्या फासाची गाठ) निसटू शकते. त्याला गाठ न मारता डोळा स्प्लाइस करावा, म्हणजे टोक वळवून दोराच्याच पोटात घालून फास करावा, आणि हे शेपूट दोराच्या जाडीच्या ७२ पट आत पुरावं: ६ मिलिमीटरला सुमारे ४३ सेंटिमीटर. कमी पुरलं तर भाराखाली ते हळूहळू बाहेर येतं. शिवाय डायनिमा १५० अंशांच्या आतच वितळतो. विंचवरून (दोर गुंडाळून ओढायच्या फिरत्या ढोलावरून) भराभर सोडताना घर्षणानेही खराब होऊ शकतो. पॉलिएस्टर वितळतो तो अडीचशे अंशांच्या आसपास.

शीटसाठी आमची निवड १० मिलिमीटरचा मऊ विणीचा पॉलिएस्टर. ताकदीला ८ पुरेसा, पण ओल्या हाताला बारीक दोर कापतो. पुढच्या शिडाची प्रत्येक शीट बोटीच्या लांबीच्या दीडपट धरा: २४ फुटीला ११ मीटर. ती बोलाइननेच बांधा. लोखंडी शॅकल (पिनेची जोडकडी) लावलात तर शीड फडफडताना ते डोक्याशी हातोड्यासारखं फिरतं.

नांगराला उलटा न्याय. इथे लांबणं हवंच, कारण लाटेचा हिसका दोराने गिळला नाही तर तो नांगर उपटतो. म्हणून तीन पदरी नायलॉन, १२ मिलिमीटर, पुढे काही मीटर साखळी. भिजल्यावर नायलॉनची ताकद १०-१५ टक्के घटते, ती आधीच धरावी. लांबीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर: ओहोटीला ४ मीटर खोली, मुंबईच्या उधाणाचे आणखी ४ आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १, म्हणजे ९, सातपट केल्यावर ६३ मीटर. ओहोटीच्या खोलीवर मोजणाऱ्याची बोट भरतीला वाहून जाते.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि तरंगता, म्हणून फेकायच्या दोराला उत्तम. उन्हात मात्र तो ठिसूळ होऊन भुगा पडतो. त्याची शीट करू नये.

मनिला (केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा दोर) आणि काथ्या आज हौसेसाठी किंवा जुन्या घडणीच्या गलबतासाठीच. मनिला भिजला की आखडतो, ओला गुंडाळून ठेवला की आतून कुजतो. काथ्या कमजोर, पण खाऱ्या पाण्यात टिकाऊ. २०२५ मध्ये नौदलात आलेल्या ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’च्या फळ्या याच काथ्याच्या दोराने शिवल्या आहेत.

घेण्याआधी डोलकाठीवर चढून कप्पी पाहा. पूर्वी तारेचा हॅलयार्ड असेल तर खाच अरुंद असते, कडा धारदार झालेल्या असतात, आणि नवा दोर तिथेच कातरतो. कप्पीचा व्यास दोराच्या किमान आठपट हवा. दरवर्षी हॅलयार्ड गोड्या पाण्याने धुऊन टोकाकडचा अर्धा मीटर कापून टाका, म्हणजे कप्पीवर बसणारी जागा बदलते. त्यासाठी खरेदीच्या वेळीच दोन मीटर जास्त घ्या.