१४४१६ टेली मानस : पहिल्या फोनसाठी उत्तम, पुढच्या उपचारांना अपुरी

झोप धड लागत नाही, कामात लक्ष नाही, घरच्यांवर उगाच वसकन ओरडणं होतं आणि हे महिना-दीड महिना चाललंय. अशा माणसाला मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढायची म्हटलं की पोटात गोळा येतो. तालुक्याच्या गावी तर ही पायरीच नसते. टेली मानस ही केंद्र सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा नेमकी इथे उपयोगी पडते. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. नंबर १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दोन्ही मोफत आणि चोवीस तास चालू. एकूण २० भाषांमध्ये मराठीही आहे. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था या सगळ्याची शिखर संस्था. १० ऑक्टोबर २०२४ पासून अॅपही आलं आहे, पण पहिल्यांदा बोलायला साधा फोनच बरा.

रचना दोन टप्प्यांची आहे. फोन लावला की आधी भाषा निवडायची, मग राज्याच्या केंद्रातला प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो डॉक्टर नसतो, गोळ्या लिहून देत नाही. त्याला गरज वाटली तर तो पुढे मानसतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो, नाहीतर जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता देतो. एवढं माहीत असलं की अर्धा अपेक्षाभंग टळतो. अनेकजण ‘डॉक्टर बोलतील’ म्हणून फोन करतात आणि समोरून प्रश्न सुरू झाले की वैतागून ठेवून देतात.

सेवेचा खरा कस लागतो तो पहिल्या पाच मिनिटांत, आणि ती पाच मिनिटं बरीचशी फोन करणाऱ्याच्या हातात असतात. ‘मला खूप टेन्शन आहे’ एवढ्यावर समुपदेशकाला धरायला काहीच सापडत नाही. मग नाव, वय, जिल्हा, घरी कोण कोण, अशी चौकशी लांबत जाते आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून फोन लावण्याआधी एका चिठोऱ्यावर पाच गोष्टी लिहाव्यात. कधीपासून. झोप आणि भूक कशी. पूर्वी करत होतो आणि आता सोडलं असं काय. चालू औषधं आणि दारू-तंबाखू. मरणाचे विचार येतात का. लिहिलेलं असं दिसायला हवं : ‘गणपतीनंतर सुरू. रात्री ११ ला आडवा, अडीचला जाग, मग उजाडेपर्यंत कूस बदलणं. जेवण अर्ध्यावर. आठवड्यातून तीनदा छातीत धडधड. रविवारचं क्रिकेट बंद. थायरॉइडची गोळी चालू. झोपेसाठी रोज २ पेग.’ या सहा-सात ओळी वाचून दाखवल्या तर समुपदेशकाला चित्र लगेच दिसतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी लोक लपवतात, आणि बऱ्याचदा मेख तिथेच असते. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते. थायरॉइडचं प्रमाण बिघडलं तर उदासी आणि धडधड दोन्ही येऊ शकतात, त्यामुळे रक्ततपासणीचा विषय निघायलाच हवा.

शेवटचा प्रश्न टाळू नये. मरणाचे विचार बोलून दाखवले तर पोलीस घरी येतील ही भीती खूपजणांना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर येते. इथे तर फक्त विचारांविषयी बोलायचं आहे. बोलणं गोपनीय राहतं. जीवाला थेट धोका दिसला तर मात्र मदत पोचवण्यासाठी ही गोपनीयता मोडता येते, हेही स्पष्ट माहीत असावं.

बोलायला जागा मिळणं ही वेगळीच अडचण. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरात सासूबाई असताना मोकळं बोलणं होत नाही. गच्ची, पार्किंगमध्ये उभी गाडी किंवा जेवणानंतरची शतपावली यातलं काहीतरी आधी ठरवून ठेवावं. अर्धा तास हाताशी ठेवावा. बॅटरी भरलेली असावी, कारण फोन तुटला आणि पुन्हा लावला तर दुसराच समुपदेशक येऊ शकतो. ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव. प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी सांगायला लागली की माणूस थकतो. त्यावर एकच उपाय : प्रत्येक फोननंतर तारीख आणि काय ठरलं ते त्याच चिठोऱ्यावर लिहायचं, पुढच्या वेळी तिथून सुरुवात करायची.

फोनवर मिळणारे सल्ले साधे असतात, पण ते चुकीच्या पद्धतीने केले तर उलटतात. श्वासाचंच घ्या. घबराट झाली की लोक जोरजोरात, खोल श्वास ओढायला लागतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि ‘आता काहीतरी होणार’ ही भीती दुप्पट होते. खरी पद्धत सावकाश सोडण्याची आहे : ४ मोजेपर्यंत नाकाने हलका श्वास, ६ मोजेपर्यंत सोडायचा, असं ५ मिनिटं. पोट हलावं, खांदे नव्हे. आणि हे घबराट आल्यावर पहिल्यांदा करून उपयोग नाही. मन शांत असताना रोज दोनदा सराव असेल तरच अडचणीच्या वेळी शरीर ऐकतं.

झोपेचंही तसंच. रात्री लवकर पडून राहण्याने फायदा होत नाही, उठण्याची वेळ एकच ठेवण्याने होतो, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं, झोप आली की परत पडावं. अंथरुणात मोबाइल नको. दुपारी तीननंतर चहा बंद. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. बहुतेकजण चौथ्या दिवशी सोडून देतात.

काही गोष्टींसाठी हा नंबर नाहीच. छातीत दुखून डाव्या हातात कळ येत असेल, दम लागत असेल तर ‘मनाचं आहे’ असं धरून न चालता आधी १०८. कुणी विषारी औषध प्यायलं असेल, हातात दोर किंवा ब्लेड असेल तर १०८ किंवा ११२, आणि त्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. नियमित मानसोपचारांची जागाही ही सेवा घेत नाही. विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारांना त्याच तज्ज्ञाबरोबर आठवड्याला एक, पाऊण-एक तासाची अनेक सत्रं लागतात. खाजगीत त्या एकेका सत्राला हजार-दोन हजार रुपये सहज जातात, म्हणून लोक इथेच थांबतात. त्यांनी जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग गाठावा. मनोरुग्णालय म्हटलं की भरती करून घेतील असं वाटतं, पण बहुतेकजण तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी जातात.

गोळ्या सुरू झाल्या तर एक गोष्ट पक्की विचारून घ्यावी. उदासीवरच्या औषधांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६ सुद्धा. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते. नेमक्या त्याच दिवसांत ‘मला सोसत नाही’ म्हणून गोळ्या बंद होतात. बरं वाटल्यावर एकदम बंद करणंही तितकंच वाईट, गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी कराव्या लागतात. आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणू नये, तिची सवय काही आठवड्यांतच लागते.

घरच्या माणसासाठी दुसऱ्याने फोन केला तरी चालतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. नवरा दार लावून बसतो, आई जेवत नाही, कॉलेज संपलेला मुलगा दिवसदिवस उठत नाही. अशा वेळी ‘तो ऐकत नाही’ एवढंच न सांगता गेल्या १५ दिवसांत काय काय पाहिलं ते सांगावं, आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठल्या वाक्याने करू, असा थेट प्रश्न समुपदेशकाला विचारावा.