रात्री दोन ते चारचा आकडा: सोसायटीतल्या स्मार्ट पाणी मीटरचा आठ महिन्यांचा अनुभव

संक्रांतीच्या सुमाराची आमची गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात आमच्या गच्चीवर मीटर बसले. आता गणपती होऊन गेले. मधे एक अख्खा सोलापूरचा उन्हाळा गेला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. बसवल्यावर पंधरा दिवसांत लिहिलं असतं, तर निम्मं चुकलं असतं.

आधी आमची परिस्थिती. जुळे सोलापुरातली चार मजली इमारत, १६ फ्लॅट. मी सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे पाण्याचा हिशोब माझ्याकडे. नळाला पाणी रोज येत नाही. आलं की खालच्या ३०,००० लिटरच्या हौदात घ्यायचं, मोटरने गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. सोबत एक बोअर आहे, त्याचं पाणी जड. एप्रिल-मे आला की टँकर. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: आमचं पाणी उजनी धरणातून येतं, जवळपास ११० किलोमीटर पाइपातून. शिवाय भीमेच्या पात्रात सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलतात. हिप्परग्याचा तलावही आहे. इतक्या लांबून आलेलं पाणी आमच्या इमारतीत नेमकं जातं कुठे, हे मात्र आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

टँकर, मोटरचं वीजबिल, पाणीपट्टी हा सगळा खर्च आम्ही १६ ने भागायचो. दर मे महिन्याच्या मीटिंगला एकच विषय निघायचा. पहिल्या मजल्यावर सात माणसांचं एक कुटुंब राहतं. कुणी थेट नाव घ्यायचं नाही, पण "ज्यांच्याकडे माणसं जास्त त्यांनी विचार करावा" असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळायच्या. त्या घरातल्या वहिनी दोन वर्षं खाली मान घालून बसलेल्या मी पाहिल्यात. मीटर बसवायचा ठराव मी मांडला त्याचं खरं कारण ते होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मीटरला लागू पडतं. पहिला प्रश्न होता कुठला मीटर घ्यायचा. जुना, चक्री फिरणारा मीटर स्वस्त पडतो. पण रोज पाणी न येणाऱ्या गावात त्याची एक मोठी अडचण असते. मधले दिवस पाइप रिकामा असतो. पाणी सोडलं की आधी हवा येते, नळातून फुस्स आवाज येतो ना, तीच. त्या हवेनेही चक्री गरागरा फिरते आणि मीटरवर हवेचेही लिटर चढतात. उलट नळ थेंबथेंब गळत असेल तर तेवढ्याने चक्री हलतच नाही.

आम्ही घेतला तो अल्ट्रासोनिक मीटर. त्यात फिरणारं काही नसतं. दोन सेन्सर एकमेकांकडे ध्वनिलहरी पाठवतात. प्रवाहाच्या दिशेने जाणारी लहर जरा लवकर पोचते, उलट जाणारी जरा उशिरा. त्या फरकावरून वेग आणि वेगावरून लिटर निघतात. पाइपात पाणी भरलेलं नसेल तर चांगला मीटर मोजत नाही, रिकामा असल्याची खूण दाखवतो.

हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. नळाच्या मुख्य लाइनवरचा जुना मीटर काढायच्या आधी पाण्याच्या एका पाळीला जुना आणि नवा एकामागे एक जोडून ठेवले. आमचा हौद ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी चढलं की १२० लिटर. वरची मोटर बंद ठेवली आणि काठी घालून मोजलं. पाणी १६० सेंटिमीटर चढलं, म्हणजे १९,२०० लिटर. नव्या मीटरवर १९,१५० आले, जुन्यावर २१,४००. समितीतल्या ज्या अण्णांचा मीटरला सर्वात जास्त विरोध होता, ती काठी त्यांच्याच हातात होती. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

खर्चाचा भाग मीटरपेक्षा नळकामात जास्त असतो, हे कुणी आधी सांगत नाही. आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटला गच्चीवरून तीन लाइन उतरतात: एक स्वयंपाकघराची, दोन संडास-बाथरूमच्या. तसेच मीटर लावायचे तर ४८ लागले असते. प्लंबरने दोन बाथरूमच्या लाइन टी लावून एकत्र केल्या, म्हणून ३२ वर भागलं. शिवाय नळाच्या लाइनवर एक आणि बोअरवर एक मोठा. फ्लॅटमागे सगळं धरून साडेचौदा हजार आले. ज्या इमारतींत एकच उभी लाइन सगळ्या मजल्यांना फाटे देत खाली जाते, तिथे प्रत्येक घरात भिंतीशी काम करावं लागेल आणि हा आकडा बराच वाढेल. कोटेशन मागवायच्या आधी आपल्या गच्चीवर जाऊन लाइन मोजा.

पहिल्या दोन महिन्यांत त्रास झाला. ठेकेदाराने मीटरच्या रांगेवर कुलूपबंद पत्र्याची पेटी बसवून दिली. दिसायला मजबूत, पण ॲपवर एकही आकडा येईना. हे मीटर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओवरून जिन्याच्या माथ्यावरच्या गेटवेला, म्हणजे आकडे गोळा करून ॲपकडे पोचवणाऱ्या पेटीला, आकडे पाठवतात. पत्र्याने लहरी अडतात. पत्र्याची पेटी काढली, तेव्हा कुठे आकडे सुरू झाले. मग चैत्रात ऊन तापलं आणि थेट उन्हातल्या मीटरचे डिस्प्ले दुपारी काळे पडू लागले. संध्याकाळी परत दिसायचे, मोजणीत फरक नव्हता, पण बघून जीव घाबरायचा. रंगाच्या रिकाम्या प्लास्टिक बादल्या कापून प्रत्येकावर टोपी घातली. ती आजही आहे. वीज गेली की गेटवे बंद पडतो, पण मीटर स्वतःच्या बॅटरीवर मोजत राहतो आणि तासातासाचे आकडे नंतर पोचतात. त्यात काही गमावलं नाही.

खरी तक्रार चौथ्या मजल्याची होती, आणि ती रास्त होती. टाकी डोक्यावरच असल्याने वरच्या मजल्याला मुळातच दाब कमी. मीटरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. बोअरच्या जड पाण्यातले क्षाराचे पापुद्रे तिच्यात अडकले आणि दाब आणखी पडला. दोन घरांतले गॅस गीझर पेटेनात. बाळंतीण घरात असताना गरम पाणी नाही म्हटल्यावर तिची आई माझ्याकडे रडवेली होऊन आली, आणि मला काय उत्तर द्यावं कळेना. जाळी साफ केल्यावर गीझर त्याच दिवशी पेटला. आता दर दोन महिन्यांनी सगळ्या जाळ्या साफ करायचं काम प्लंबरला ठरवून दिलंय. बोअरवरच्या मोठ्या मीटरमध्ये जुलैत चूक दाखवू लागली. उघडला तर आतल्या परावर्तकावर, म्हणजे ध्वनिलहर वळवणाऱ्या तुकड्यावर, पांढरा थर होता. म्हणजे फिरणारं काही नसलं तरी सोलापूरच्या बोअरच्या पाण्याला देखभाल लागतेच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. ॲपवर दिवसाचे लिटर, महिन्याचे लिटर, रंगीत आलेख असं बरंच काही असतं. मी त्यातली एकच गोष्ट बघते: रात्री दोन ते चारचा आकडा. त्या वेळी कुणी आंघोळ करत नाही, भांडी घासत नाही. घर झोपलेलं असतं. तेव्हा आकडा शून्य हवा. कुणी एकदा उठलं तर आठ-दहा लिटर एकदम दिसतात आणि थांबतात. पण दर तासाला सारखाच आकडा येत असेल, तर कुठेतरी गळतंय.

आकडे सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सोळा घरांचा मिळून तो आकडा तासाला ४१ लिटर होता. दिवसाचे जवळपास हजार लिटर. महिन्याला तीन मोठे टँकर. पाच घरांत गळती होती. तीन ठिकाणी फ्लशच्या टाकीचा वॉशर गेलेला, एका ठिकाणी वॉशिंग मशीनचा नळ, आणि एका घरात आरओ मशीनचं पाणी आपोआप बंदच होत नव्हतं, टाकाऊ पाणी चोवीस तास मोरीत जात होतं. मशीन सिंकखाली, नळी थेट मोरीत. कुणाला आवाजही येत नव्हता.

त्या पाचांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. त्यांच्या घरी दिवसाला २९० लिटर लागत होते, आणि रात्री दर तासाला ७ लिटर. मीटिंगमध्ये मी हे काढलं नाही. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांना वाईट वाटलं. "अगं, मी एकटी बाई, मला किती पाणी लागतंय? मी पाणी उधळते म्हणतेस का? आमच्या लहानपणी आडावरनं पाणी शेंदलंय मी." मी म्हटलं, "काकू, तुम्ही नाही ओ उधळत. तुमच्या नकळत जातंय. दाखवते." कपड्यांना घालायची नीळ घेतली, फ्लशच्या टाकीत चार थेंब टाकले आणि आम्ही चहा प्यायलो. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर कुणी फ्लश न दाबता भांड्यात निळं पाणी उतरलेलं. काकू बराच वेळ ते बघत उभ्या राहिल्या. "इतके दिवस चाललं असंल की गं हे," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला. त्या एका वॉशरमधून महिन्याला पाच हजार लिटर जात होते.

आणि पहिल्या मजल्यावरचं सात माणसांचं घर? दिवसाला ६२० लिटर, म्हणजे माणशी ८९ सुद्धा नाहीत. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरतात. इमारतीत माणशी सर्वात कमी पाणी वापरणाऱ्या घरांत ते आहे. त्यांची परवानगी घेऊन एवढा एक आकडा मी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही. वहिनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मीटिंग संपेपर्यंत थांबल्या, आणि टँकरच्या वेळेबद्दल त्यांनी एक सूचनाही केली.

एका गोष्टीबद्दल मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. सुरुवातीला ॲपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे तासातासाचे आकडे दिसत होते. म्हणजे कोण किती वाजता उठतं, कुणाचं घर मे महिन्यात आठ दिवस बंद आहे, हे सोळाही घरांना कळणार, आणि त्यांच्याकडून आणखी कुणाकुणाला. मी आठवड्याच्या आत ते बंद करून घेतलं. आता तासाचे आकडे फक्त ज्याच्या त्याला दिसतात. समितीकडे महिन्याची बेरीज आणि रात्रीचा आकडा, एवढंच येतं. तसा लेखी ठराव केलाय.

हिशोबही बदलला. पाणीपट्टी आणि मोटरचं बिल अजून सगळ्यांत सारखं वाटतो, फक्त टँकरचा खर्च मीटरप्रमाणे. गेल्या उन्हाळ्यात २२ टँकर आले होते, यंदा १३. सगळं श्रेय मीटरला देणार नाही, कारण यंदा बोअर तीन आठवडे जास्त टिकला. पण रात्रीची गळती थांबली हे डोळ्यांनी दिसतंय. भाडेकरू असलेल्या दोन घरांत अजून वाद आहे: टँकरचा वाटा मालकाने द्यायचा की राहणाऱ्याने. तो सुटलेला नाही.

मोठ्या प्रमाणावर हे काम इतर ठिकाणी चाललंय. पुण्यात महापालिका समान पाणीपुरवठा योजनेत घरोघर एएमआर, म्हणजे दुरूनच आकडा वाचता येणारे, मीटर बसवते आहे. कराडजवळच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आणि मीटरप्रमाणे बिल बऱ्याच वर्षांपासून आहे. माझी मावसबहीण तिकडे राहते, तिच्याकडे हौदच नाही. ते पाहून मला वाटतं, जिथे पाणी सतत असतं तिथे मीटरचं काम सोपं आहे. जिथे चार दिवसांनी पाणी येतं, तिथे उद्या कुणी घराघराला स्मार्ट मीटर बसवायला आलं तर दोन गोष्टी आधी विचारा: हवा मोजणार का, आणि दाब किती खाणार. बिल लिटरवर येणार असेल तर हवेचे पैसे आपण का द्यायचे? आणि उत्तर कागदावर मागा. आमच्यासारखी हौदात काठी घालून एक पाळी मोजून घ्या.

ॲपची सेवा पहिलं वर्ष मोफत आहे, पुढे मीटरमागे वर्षाला पैसे द्यावे लागतील. त्याचा दर करार करतानाच लिहून घेतलाय, नाहीतर ३४ मीटरचं ओझं नंतर कळलं असतं. समितीत दोघांचं म्हणणं आहे की ॲप सोडून द्यावं, डिस्प्लेवर आकडा दिसतोच. महिन्याच्या बिलासाठी ते पुरेल. पण रात्री दोन वाजता गच्चीवर कोण जाणार? मी ॲपच्या बाजूने आहे. तरीही एक तारखेला वर जाऊन ३४ आकडे वहीत उतरवते, ती सवय सोडणार नाही. मे महिन्यात एका मीटरचा ॲपवरचा आकडा दोन दिवस अडकला होता, तो वहीमुळेच लक्षात आला.

कालचा रात्रीचा आकडा सगळ्या इमारतीचा मिळून तासाला ३ लिटर आहे. तो दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच घरातून येतोय, गेल्या चार रात्री सारखाच. त्या ताई आज ऑफिसातून सहाला येतात. नीळ पर्समध्ये टाकून ठेवलीय.