ब्लू-रे रायटर, आठ महिन्यांनंतर

यूएसबीवर चालणारा ब्लू-रे रायटर (सीडीसारख्याच पण कितीतरी जास्त माहिती मावणाऱ्या ब्लू-रे डिस्क लिहिणारं आणि सीडीही वाचणारं यंत्र) आणि 25 जीबीच्या दहा कोऱ्या डिस्क घरी आणल्या, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ‘आता कोण सीडी वापरतं?’ मुद्दा रास्त होता. पण आबांच्या कीर्तनाच्या कॅसेट 2005 साली एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतल्या होत्या आणि मूळ कॅसेट फेकून दिल्या होत्या. (हा शहाणपणा माझाच.) त्या तेवीस सीडी रत्नागिरीच्या घरात, कपाटात पावसाळे काढत पडलेल्या.

रायटर पहिल्यांदा कामाला लागला तो या सीडी वाचायला. सतरा मुकाट वाचल्या. चार सीडींनी रात्र रात्र जागवलं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सीडीवरचा आवाज उतरवून घेणारं सॉफ्टवेअर डिस्कचे तेच तेच तुकडे पुन्हा वाचत बसायचं. दोन कामातून गेल्या. दोन्हींवर दुकानदाराने कागदी लेबल चिकटवलेलं, आणि लेबलाबरोबर चंदेरी थराचे पापुद्रे सुटलेले. आपण सीडीची खालची चकचकीत बाजू जपतो, पण माहितीचा थर असतो छापील बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली. खालच्या बाजूने त्याला 1.2 मिमी प्लास्टिकचं संरक्षण असतं. त्यामुळे खालचा ओरखडा पॉलिश करून निघू शकतो. वरचा थर गेला की संपलं. ब्लू-रेचं उलट. तिथे थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिमीवर, म्हणून त्यावर कडक लेप देतात. बोटांचे ठसे मात्र तिलाही सोसत नाहीत.

आता रायटरबद्दल. सुरुवातीच्या दोन डिस्क वाया गेल्या. मी तो यूएसबी हबला लावला होता आणि लिहिताना त्याला वीज पुरेना. थेट लॅपटॉपला लावल्यापासून एकही बिघडली नाही. 4एक्स वेगाने पूर्ण डिस्क भरायला साधारण पंचवीस मिनिटं, आणि लिहिलेलं पडताळायला जवळपास तेवढीच. पडताळणी टाळू नका. आवाज बऱ्यापैकी होतो. रात्री शेजारच्या खोलीत गिरणी चालू आहे असं वाटतं. 25 जीबीवर विंडोज 23.3 दाखवतं, फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. तासाभराचं कीर्तन वॅव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये) सुमारे 600 एमबी होतं, त्यामुळे वाचता आलेल्या सगळ्या सीडी एकाच डिस्कवर मावल्या आणि वर लग्नाचे फोटोही बसले.

कोऱ्या डिस्क घेताना ‘एलटीएच’ छापलेल्या टाळा. त्यात सीडी-आरसारखाच (घरी लिहायच्या सीडीसारखाच) सेंद्रिय रंग असतो, तो काळानुसार उडू शकतो. मी एचटीएल, म्हणजे असेंद्रिय थराच्या, घेतल्या. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं, म्हणून आणखी दहा घेऊन ठेवल्यात.

रोजच्या वापराला हा घेऊ नका, पेन ड्राइव्ह बरा. वर्षानुवर्षं उघडायचं नाही असं काही असेल तर जरूर घ्या, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. माझी पुण्याला बहिणीकडे आहे. तिने परवा ती लावून पाहिली. एका कीर्तनात उत्तररंगातली सात मिनिटं नुसती खरखर आहे, तीही मी कापली नाहीत. आई म्हणते, तिथे आबा कुठला अभंग म्हणत होते ते तिला आठवतं.